एशियाडचा सेट पाकिटातच हिरवा पडलाय, काय करू?

खोपटवाला

नमस्कार मंडळी.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, प्रतिज्ञापत्रांचं टायपिंग. दिवसभर सुट्ट्या पैशांशी गाठ, त्यामुळे नाण्यांकडे बघायची सवय लागली. एकदा रात्री गल्ला मोजताना नेहरूंचा १९६४चा रुपया हाताला लागला. कोणी दिला, आठवेना. तेव्हापासून नाणं जरा वेगळं दिसलं की ते गल्ल्यात न जाता शर्टाच्या खिशात जातं.

आतापर्यंत सगळी सुटी नाणी, तीही दर्शनी किमतीत मिळालेली. पैसे मोजून सेट पहिल्यांदाच घेतला आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

सेट १९८२च्या एशियाडचा, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांचा. शंभर रुपये, दहा रुपये, दोन रुपये आणि पंचवीस पैसे, अशी चार नाणी. एशियाड झालं तेव्हा मी तिसरीत होतो. चाळीत रंगीत टीव्ही एकाच घरी, त्याच्यासमोर आम्ही पंचवीस पोरं मांडी घालून, आणि तो खेळांचा शुभंकर अप्पू हत्ती. त्यामुळे हाच सेट हवा होता. सोबत गांधी शताब्दीचं १९६९चं चांदीचं दहा रुपयांचं नाणं, सुटं. किती मोजले ते लिहीत नाही, घरची मंडळी हे वाचतात.

विकणारे वाशीचे एक आजोबा. मुलगा परदेशात, घर आवरायला काढलंय. स्टीलच्या कपाटातून डांबर गोळ्यांच्या वासासकट पाकीट बाहेर आलं. नरम प्लास्टिकचं, चार खिशांचं, जरासं पिवळट. आजोबा म्हणाले, "१९८४पासून हात लावलेला नाही." संध्याकाळची वेळ, डोक्यावर ट्यूबलाइट, हातात चहाचा कप. मी वरवर पाहिलं, पैसे दिले आणि बॅग पोटाशी धरून ठाणे लोकलला उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर उन्हात पाहिलं तेव्हा अंगातलं पाणीच गेलं. शंभराच्या नाण्यावर खेळांचं चिन्ह आहे ना, जंतरमंतर आणि वर सूर्य, त्याच्या रेषांच्या खाचांत पोपटी रंगाचं काहीतरी बसलंय. थंडीत खोबरेल गोठतं तसं दिसतं. बोट लावलं तर चिकट. दहाच्या काठाला तेच, जवळजवळ पाव गोलात. पंचवीस पैशांवर सिंहांच्या खाली दोनच ठिपके. पाकिटाच्या आतल्या बाजूलाही नाण्याच्या आकाराचं हिरवं कडं उमटलंय.

गांधींच्या नाण्यावर हिरवं काही नाही, पण मधोमध काळपट सरळ रेघ आहे. पट्टी ठेवून पेनाने मारावी इतकी सरळ. बाकी नाणं निळसर-तपकिरी झालंय.

आता चूक कबूल करतो. दोन रुपयांचं नाणं बाहेर काढून मी टूथपेस्ट लावली आणि जुन्या ब्रशने घासलं. दोन मिनिटांत लखलखीत. इतका खूश झालो की दुकानातल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन घेतला, इथे टाकायला म्हणून. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर सगळ्या नाण्यावर गोल गोल ओरखडे, जशी काही कोणी स्टीलच्या ताटाला काथ्या मारलाय. साध्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. एकदा कळल्यावर मात्र आता साध्या डोळ्यांनाही तेवढंच दिसतं.

तर प्रश्न असे. हिरवं काढायचं कसं? दुकानात स्कॅनरची काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते चालेल का? चोर बाजारातून दुसरं दोन रुपयांचं नाणं आणून सेटमध्ये बसवलं तर? की सरळ आजोबांना परत करू? आणि हसू नका, पण माझ्याकडे लॅमिनेशनचं मशीन आहे. साफ करून चारही नाणी पाउचमध्ये लॅमिनेट केली तर हवा-पाणी लागणार नाही, असं डोक्यात आलंय.

सुट्टेपैसे

लॅमिनेशन! साहेब, मशीनच्या रोलरमधून शंभराचं नाणं जाताना कसा आवाज येईल याचा विचार करून मी दहा मिनिटं हसतोय. मशीन जपा.

रबाळे_निवृत्त

खोपटवाले, पहिलं काम म्हणजे उरलेली तिन्ही नाणी त्या पाकिटातून आत्ता बाहेर काढा. साफसफाई नंतर. ती साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, काठाला धरून. घासणं, पुसणं, फुंकर मारणं, काही नको. फुंकरीत थुंकी असते.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यामुळे नाण्यांपेक्षा प्लास्टिक मला जास्त कळतं. तुमच्या आजोबांनी खरंच हात लावलेला नाही. जे केलंय ते पाकिटाने केलंय. नरम प्लास्टिक म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. मुळात ते कडक असतं, मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. वर्षं गेली की हे द्रव्य बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी स्वतः विघटताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. थोडंच, पण चाळीस वर्षं. उकाडा आणि दमट हवा असली की वेग वाढतो, आणि आपल्या खाडीकाठी दोन्हींना तोटा नाही. आम्ल तांब्याला लागलं की हिरवे क्षार होतात. तुमच्या सेटमधली दहा, दोन आणि पंचवीस पैसे ही नाणी तांबं-निकेलची. शंभराचं चांदीचं म्हणतात, पण त्यात चांदी निम्मीच, बाकीत बहुतेक तांबं. म्हणून चारही हिरवी पडली.

खात्री करायची असेल तर पाकिटाचा वास घ्या. नवीन रेनकोट उघडल्यावर येतो तसा वास आला तर पीव्हीसी. पक्की परीक्षा हवी असेल तर तांब्याची तार गॅसवर लाल करा, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवा, जरासं प्लास्टिक चिकटेल. ती तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. खिडकी उघडी ठेवून करा आणि धूर नाकात घेऊ नका. अर्थात तुमच्या वर्णनावरून मी तार न तापवताही सांगतो.

आता साफसफाई. औषध ॲसिटोन. तुमचं आयसोप्रोपिल बोटांच्या तेलावर बरं, या चिकट्यावर ॲसिटोनइतकं चालत नाही. नेलपॉलिश काढायची बाटली आणू नका, त्यात सुवास, रंग, तेल असतं आणि ते सगळं नाण्यावर बसतं. लॅबची रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा.

काचेच्या तीन वाट्या घ्या. काचेच्याच, कारण ॲसिटोनने बरीच प्लास्टिकं विरघळतात आणि विरघळलेलं प्लास्टिक पुन्हा नाण्यावर बसलं की सुरुवातीपासून रामायण. एका वेळी एकच नाणं. पहिल्या वाटीत अर्धा तास, वर काचेची बशी झाकून, नाहीतर उडून जातं. मग ताज्या ॲसिटोनची दुसरी वाटी, मग तिसरी. शेवटची वाटी ताजी असणं महत्त्वाचं, कारण मळलेलं ॲसिटोन वाळताना मळ मागे ठेवून जातं. चिकटा हट्टी असेल तर कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नाण्यावरून लाटण्यासारखा फिरवा. घासायचा नाही, लाटायचा. काढलं की टीपकागदावर आडवं ठेवा, मिनिटाभरात आपोआप वाळतं.

हे सगळं देवघरापासून आणि गॅसपासून लांब. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि भडकते. घरात उदबत्ती लावलेली असताना हे प्रयोग करू नका. दुकानातही नको, तिथे तुमचं गरम होणारं मशीन आहे.

यातून निघेल काय? चिकटा निघेल. पण आम्लाने धातू खाल्ला असेल तिथे खड्डा उरेल, तो कशानेच भरत नाही. हिरव्याखाली काय आहे ते साफ झाल्यावरच दिसतं. चिकट हिरवं निघालं आणि काही महिन्यांनी त्याच जागी पावडरीसारखं फिकट हिरवं पुन्हा आलं तर समजा की क्लोराइड आत शिरलंय. तसं झालं तर ते नाणं इतरांपासून वेगळं ठेवा आणि इथे लिहा.

गांधींच्या नाण्याला हात लावू नका. त्यात ८० टक्के चांदी आहे, निळसर-तपकिरी रंग हा चांदीवर गंधकाने चढलेला थर आहे आणि जाणकारांना तो आवडतो. चिंच, लिंबू, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद, सगळे उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सगळे रंग काढतात आणि नाणं भांड्यासारखं पांढरंफटक दिसायला लागतं. राहिली ती सरळ रेघ. आजोबांना एक विचारा, ते नाणं कागदात गुंडाळून वर रबरबँड लावला होता का? रबरात गंधक असतो. कागदातूनही चांदीवर उमटतो.

दोन रुपयांच्या नाण्याबद्दल वाईट वाटतं. टूथपेस्टमध्ये बारीक खडूसारखी पूड असते, दातांसाठी ठीक आहे. ते आता परत होणे नाही.

खोपटवाला

साहेब, दंडवत. नाणी कागदावर काढून ठेवली आहेत. तार गॅसवर धरली, ज्योत मोरपंखी हिरवी झाली. बायकोने विचारलं काय चाललंय, म्हटलं विज्ञान.

लॅमिनेशनचं कोणीच उत्तर दिलं नाही, फक्त हसले. आणि परत करावं की नाही?

घणसोलीकरीण

दादा, परत करायचं म्हणून जाऊ नका. तुम्ही त्यांच्या घरी बसून, हातात घेऊन, पाहून घेतलंत. शिवाय एक नाणं तुम्ही घासून ठेवलंय, आता कुठल्या तोंडाने परत करणार? आजोबांनी फसवलेलं नाही. त्यांना स्वतःलाच माहीत नसणार.

मी गेली बारा वर्षं सेटच घेते, सुटी नाणी जवळजवळ नाहीतच. माझ्या सवयी सांगते, घ्यायच्या त्या घ्या.

ट्यूबलाइटखाली सेट घ्यायचा नाही. दिवसा, खिडकीशी. पाकीट सरळ बघून काही कळत नाही, तिरपं करून हळूहळू फिरवायचं, म्हणजे उजेड नाण्यावरून सरकतो. टाकसाळीतून आलेल्या कोऱ्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, एकाच जागी भगभगतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की फोटोवरूनही ओळखता येतं. म्हणून ऑनलाइन विकणाऱ्याकडे मी तिरपे धरलेले दोन फोटो आणि पाकिटाच्या मागचा एक मागते. जो "सेम पीस मिळेल मॅडम" म्हणतो पण त्याच पीसचा फोटो देत नाही, त्याला रामराम.

पर्समध्ये दोन वस्तू कायम असतात. फ्रिजच्या दारावरचं एक लहान चुंबक आणि सोनारी छोटा काटा. सत्तरच्या आसपासचे रुपये शुद्ध निकेलचे, ते चुंबकाला चिकटतात. तुमचा नेहरूंचा १९६४चा रुपया चिकटेल, गांधींचा १९६९चा रुपयाही. दोघांचं वजन दहा ग्रॅम. याउलट एशियाडचे दोन आणि दहा रुपये तांबं-निकेलचे, ते चिकटले तर काहीतरी गडबड आहे. चांदीची नाणी तर चिकटताच कामा नयेत. गांधींचे चांदीचे दहा रुपये १५ ग्रॅम, एशियाडचे शंभर ३५ ग्रॅम. तुमची दोन्ही कोणा सोनाराकडे तोलून घ्या, जांभळी नाक्याला सोनारांना काय तोटा.

चांदीचा हिशेबही आधी करून ठेवा. शंभराच्या नाण्यात निम्मी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. गांधींच्या नाण्यात १५ ग्रॅमच्या ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. दिसायला लहान असून तुलनेने जड माल. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की खालची रेघ कळते. त्याच्यावर जे देतो ते सेट म्हणून, पाकीट म्हणून, चेहरा म्हणून. नाणी खराब झाली की हा वरचा भाग जातो, खालची रेघ राहते. तुम्ही बहुधा अगदीच बुडालेले नाही.

आता चोर बाजारातलं दोन रुपयांचं नाणं. बसवू शकता, कायदा आडवा येत नाही. पण आधी सालाजवळची खूण बघा. मुंबईची लहान चौकट, हैदराबादची चांदणी, कोलकात्याला खूणच नाही. नोएडाचं टिंब तुम्हाला १९८२च्या नाण्यावर दिसणार नाही, ती टाकसाळ नंतरची. सेटमधली बाकी तीन ज्या टाकसाळीची, चौथंही तिथलंच हवं. तरीसुद्धा तो सेट आमच्या भाषेत "जुळवलेला". स्वतःच्या कपाटात ठेवायला छान. उद्या कोणाला दिलात तर तोंडाने सांगून द्या.

मला स्वतःला या खुणेनेच एकदा वाचवलंय. एका प्रदर्शनात १९६९चा प्रूफ सेट समोर आला. प्रूफ म्हणजे आरशासारखा पृष्ठभाग, खास संग्राहकांसाठी ठोकलेली नाणी. त्या काळच्या मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी इंग्रजी बी हे अक्षर असतं, १९९६पासून एम. सेटमधल्या बाकी सगळ्या नाण्यांवर बी होतं, एका नाण्यावर मात्र चौकट. कोणीतरी चांगलं नाणं काढून चलनातलं पुसून बसवलं होतं. विकणाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, भिंग घेऊन कोणी बघत नाही." मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. प्रूफ घेतलात तर एक लक्षात ठेवा, त्यावर कापसाचा बोळाही लाटायचा नाही. ॲसिटोनमध्ये नुसतं बुडवायचं.

मुलुंडचा_पाहुणा

हे पंचवीस पैसे बँकेत चालतात का हो? आणि आमच्या मेव्हण्याने वैष्णोदेवीच्या नाण्याचा मेसेज पाठवलाय, लाखात जातं म्हणे. माझ्याकडे पाचचं एक आहे.

सुट्टेपैसे

२५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ला चलनातून गेली. बँक घेणार नाही, इथली मंडळी घेतील.

वैष्णोदेवीचं नाणं लाखात विकणाऱ्यांपैकी एकालाही विकत घेताना मी पाहिलेलं नाही. सगळे आधी तुमच्याकडूनच "नोंदणी शुल्क" मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. मेव्हण्याला तेच पाठवा. तसंच रामदरबाराचं, १८१८ सालचं, ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून तांब्याचं नाणं कोणी दाखवलं तर हात जोडून पुढे जा. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलं नाही.

रबाळे_निवृत्त

लॅमिनेशनचं राहिलं होतं. पाउचच्या आतल्या बाजूला गोंद असतो, मशीनच्या उष्णतेने वितळून कागदाला धरतो. तो नाण्याला धरेल. पुन्हा काढायला ॲसिटोनच लागेल आणि सुट्टेपैसे म्हणतात तसा रोलर जाईल तो वेगळा.

साफ केल्यावर नाण्याच्या मापाची कडक ॲक्रिलिकची कॅप्सूल घ्या. कॅप्सूल परवडत नसेल तर पुठ्ठ्याचे होल्डर, ज्यांच्या खिडकीला पॉलिएस्टरची पातळ फिल्म असते. त्यांना पिना मारताना काळजी घ्या आणि पिनांची टोकं पक्कडीने चेपा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडतात. डबा हवाबंद, आत सिलिका जेलची पुडी, निळ्या मण्यांची. मणी गुलाबी झाले की पाणी प्यायलेत, मंद आचेवर कढईत परतून पुन्हा निळे करा. पावसाळ्यात माझ्याकडे दर महिन्याला परतावे लागतात. ती कढई पुन्हा पोह्यांना वापरू नका, आमच्याकडे यावरून एकदा झालंय.

जुनं पाकीट फेकू नका, पण नाण्यांजवळही ठेवू नका. वेगळ्या लखोट्यात.

खोपटवाला

दोन रविवार गेले, हिशेब देतो.

ॲसिटोन मिळालं. दुकानदाराने विचारलं कशाला हवंय, म्हटलं नाण्यांना, तर बाटली देताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच बघितलं. गच्चीत बसलो, चटई टाकून, बायकोच्या तीन काचेच्या वाट्या घेऊन. त्या वाट्या आता माझ्या झाल्या आहेत, नवीन सहाचा सेट आणून दिला.

पंचवीस पैसे पहिल्याच वाटीत स्वच्छ. खाली काही नाही, जणू ठिपके नव्हतेच. दहाच्या काठाचा चिकटा निघाला पण तिथे मळकट सावली राहिली, नखभर. शंभराला सगळ्यात वेळ लागला. सूर्याच्या रेषांमधलं निघेना, तीनदा वाट्या बदलल्या, बोळा लाटला. निघताना ते विरघळलं नाही, सायीसारखं सुटून आलं. नाणं वाळवून दुकानात नेलं आणि पुन्हा १२०० डीपीआयला स्कॅन. चारपैकी तीन जागा साफ. चौथ्या जागी, डावीकडच्या टोकाला, सुईने टोचावं तसे पाच-सहा खड्डे. मोजले. रबाळेसाहेब म्हणाले होते तेच.

जांभळी नाक्याला तोलून घेतलं. शंभराचं ३४.९ भरलं, गांधींचं १५ला जरा कमी. सोनार म्हणाला, "मोडायचंय का?" म्हटलं नाही. तर म्हणाला, "मग तोलायला कशाला आलात?" उत्तर सुचलं नाही.

दोन रुपयांचं नाणं मी बदललं नाही. चोर बाजारात शुक्रवारी एक मिळत होतं, चौकटही जुळत होती. हातात घेतलं आणि ठेवून दिलं. माझंच घासलेलं कॅप्सूलमध्ये घालून बाकी तिघांच्या शेजारी ठेवलंय. कोणी विचारलं तर सांगेन कोणी घासलं ते. मुलगी म्हणते चौघांत तेच छान दिसतं.

आणि रबरबँड. आजोबांना फोन केला. ते आधी म्हणाले नाही, तसं काही नव्हतं. मग थांबले. म्हणाले, "आमची ही सगळ्याला रबरबँड लावायची. रेशनकार्डाला, लाइटच्या बिलांना. त्या नाण्यालाही तिनेच लावला असेल, कागदात घालून. मी ती गेल्यावर काढला." पुढे म्हणाले, तिच्या शिवणाच्या डब्यात अजून एक पुडी सापडलीय, चौकोनी दोन आण्यांसारखं काहीतरी दिसतंय, येऊन बघा. मी विचारलं, पुडीला रबरबँड आहे का. म्हणाले, आहे की. म्हटलं, आत्ता काढा, मी येतोय.

रविवारी दुपारी एकचं ठरलंय, खिडकी पश्चिमेला आहे असं विचारून घेतलं. घणसोलीकर ताई, तुम्हाला वाटेतच पडतं. चुंबक आणि काटा घेऊन येणार असाल तर सांगा, मी मधल्या डब्यात असेन.

घणसोलीकरीण

येते. आजोबांना सांगा चहा नाणी बघून झाल्यावर.